साडेपाच तास पुढे

२० नोव्हेंबर २०२३, सोमवारची सकाळ. मी ऑफिसात पोचले तेव्हा डोळे चुरचुरत होते आणि घसा बसला होता. बॅग खांद्यावरून उतरवायच्या आत शेजारच्या टेबलावरची सहकारी दोन कॉफी घेऊन आली. एक माझ्यासमोर ठेवली, क्षणभर खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "सकाळी गाडीत रेडिओवर ऐकलं. तुझीच आठवण आली. वाईट झालं." पुढे दिवसभर तेच. लिफ्टमध्ये, कॉफीचा मग विसळताना, मीटिंग सुरू व्हायच्या आधी. ज्यांना क्रिकेटमधलं फारसं कळत नाही तेही थांबून दोन शब्द बोलून गेले. चिडवलं कुणीच नाही. चिडवलं असतं तर मीही चार गोष्टी ऐकवल्या असत्या आणि मोकळी झाले असते. पण घरी काही वाईट घडलेल्या माणसाशी जसं जपून बोलतात, तसे ते सगळे माझ्याशी बोलत होते. संध्याकाळी मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनहून घरी, टार्निटकडे जाणारी गाडी पकडली, खिडकीला डोकं टेकलं आणि तेव्हा कुठे ध्यानात आलं: आदल्या रात्री भारताला हरवून विश्वचषक ऑस्ट्रेलियानं जिंकला होता. मी ऑस्ट्रेलियाची नागरिक आहे. इथं मत देते, कर भरते, माझी लेक इथंच जन्मली. आणि माझं अभिनंदन एकानंही केलं नव्हतं.

केलं असतं तर मला ते सहन झालं नसतं, हेही तितकंच खरं.

ती मॅच आम्ही टार्निटमधल्याच एका मित्राच्या गॅरेजमध्ये बघितली. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या आमच्या वस्त्यांत मोठी मॅच अशीच होते. गाड्या बाहेर रस्त्यावर लावायच्या, गॅरेजच्या भिंतीवर प्रोजेक्टर सोडायचा, घराघरांतून खुर्च्या आणायच्या. एकीनं मिसळ करायची, दुसरीनं पाव आणायचे, आणि कुणी बोलवलेलं नसतानाही हैदराबादचा शेजारी बिर्याणीचं पातेलं घेऊन हजर. अहमदाबादला दुपारचे दोन म्हणजे आमच्याकडे संध्याकाळचे साडेसात. कमिन्सचा चेंडू कोहलीच्या बॅटला लागून स्टंपांवर गेला आणि नव्वद हजारांवर माणसं एका क्षणात गप्प झाली. ती शांतता स्पीकरमधून आमच्या गॅरेजमध्ये उतरली आणि तिथून हललीच नाही. पहिल्या दहा षटकांनंतर आपल्या उरलेल्या डावात फक्त चार चौकार. मुलं कंटाळून आत जाऊन झोपली. ट्रॅव्हिस हेड खेळायला लागल्यावर बोलणं आधी कमी झालं, मग थांबलं. पहाटे तीनच्या सुमाराला खुर्च्या दुमडल्याचे आवाज तेवढे येत राहिले. आम्ही चालतच घरी निघालो. रस्त्यावर एक दिवा नव्हता, एक हॉर्न नव्हता, कुठे फटाका नव्हता. ज्या देशानं विश्वचषक जिंकला होता तो गाढ झोपला होता, आणि त्याच्या त्या एवढ्या रस्त्यावर जागी होती ती फक्त हरलेली माणसं.

सांगलीत असते तर हरल्यावरसुद्धा गल्लीत चार माणसं कट्ट्यावर बसलेली असती. कोण चुकलं, कुणाला आधी पाठवायला हवं होतं, यावर सकाळपर्यंत वाद झाला असता. हरणं तिथं सगळ्यांत वाटलं जातं. इथं ते ज्यानं त्यानं आपापल्या घरी न्यायचं असतं.

मी क्रिकेट बघायला शिकले ते पहाटे. माझे वडील, आप्पा, डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅचसाठी पावणेपाचला उठवायचे. बाहेर कृष्णेकडून येणारं धुकं, आत स्वेटर घालून, शाल गुंडाळून मी आणि आप्पा. आई झोपलेली, म्हणून आवाज अगदी बारीक. आणि पडद्यावर ऊन! डोळे दिपतील असं लख्ख ऊन, हिरवंगार मैदान, त्यावर पांढरे पक्षी फिरताहेत, माणसं अर्ध्या चड्ड्यांत, नाकाला पांढरं मलम लावून बसलेली. आमच्याकडे पहाटेचा काळोख आणि तिकडे भर दुपार व्हायला आलेली, हे मला कितीतरी वर्षं जादूसारखं वाटत राहिलं. २००३ च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, सेहवागनं मेलबर्नच्या मैदानावर, एमसीजीवर, १९५ केले. द्विशतकासाठी षटकार मारायला गेला आणि काटिचच्या फुलटॉसवर झेल देऊन बसला. आप्पा काहीच बोलले नाहीत. उठून आत गेले, चहा केला, दोन कप घेऊन आले. ती कसोटी आपण पुढे नऊ विकेटनी हरलो. पण आप्पांना ऑस्ट्रेलियाचा राग कधी नव्हता. "फिल्डिंग बघ त्यांची," म्हणायचे. "एक रन सुद्धा फुकट देत नाहीत बघ."

आता मी त्या उन्हात राहते. एमसीजीवरचे ते पांढरे पक्षी सीगल आहेत आणि ते माणसांच्या हातातले चिप्स पळवतात, हे मला अनुभवानं माहीत आहे. आणि आता मी रात्र रात्र जागते ती वानखेडे, मोटेरा, डी. वाय. पाटील बघायला. लहानपणी पहाटे उठून जिथलं बघायचे तिथं येऊन राहिले, आणि जिथून निघाले तिथलं रात्री जागून बघते. उन्हाळ्यात साडेपाच तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. भारतातली प्रत्येक मोठी मॅच माझ्या झोपेवर येऊन बसते, आणि आजवर एकदाही मी टीव्ही बंद करून झोपायला गेलेली नाही.

नागरिकत्वाची शपथ घेतली ती २६ जानेवारीला. इथं तो ऑस्ट्रेलिया डे, आपला प्रजासत्ताक दिन, आणि या भूमीवर आधीपासून असलेल्या लोकांसाठी शोकाचा दिवस. १७८८ मध्ये त्याच तारखेला सिडनीच्या खाडीत ब्रिटिश निशाण लागलं. सकाळी मोबाइलवर दिल्लीच्या राजपथावरचं संचलन सुरू व्हायला अजून वेळ होता आणि मी नऊवारी नेसून कौन्सिलच्या हॉलमध्ये बसले होते. शेजारी एक सुदानी कुटुंब, पलीकडे एक फिलिपिनो नर्स. शपथ झाली, हातात इथल्याच मातीतलं एक छोटं रोपटं दिलं. भारताचा पासपोर्ट परत करायला लागला. आपला कायदा दोन नागरिकत्वं देत नाही, त्यामुळे पुढं ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. आप्पांना फोनवर सगळं सांगितलं. थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "बरं झालं. जिथं राहायचं तिथलं होऊन राहावं." मग लगेच पुढं, "पण मॅचच्या वेळी फोन करत जा हं, बाळ." त्या एका वाक्यात त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं. मी म्हटलं, "करीनच की, आप्पा."

ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाचे नेते नॉर्मन टेबिट यांनी १९९० मध्ये स्थलांतरितांसाठी क्रिकेटची परीक्षाच काढली होती. माणूस कोणत्या संघासाठी ओरडतो त्यावरून तो कुठला ते ठरवायचं. मला ती परीक्षा अन्यायाची वाटते, कारण ओरडायचं कुणासाठी हे माणूस ठरवत नाही. बुमराहच्या यॉर्करवर स्टंप उडाला की माझे हात वर जातात, आणि तो निर्णय माझ्या डोक्यात झालेलाच नसतो. तो झाला होता सांगलीच्या त्या काळोख्या खोलीत, मी सहा-सात वर्षांची असताना. मत कुणाला द्यायचं ते मी विचार करून ठरवते. कर, शेजारधर्म, शाळेच्या समितीतलं काम, वणव्याच्या दिवसांत कपडे-कांबळी गोळा करून देणं, हे सगळं मी विचार करून, मनापासून करते. माझं इथलं असणं मोजायचंच असेल तर त्यावर मोजा.

माझ्या नवऱ्याला हा पेच पडलाच नाही. तो नागपूरचा. क्रिकेट त्याला आवडायचं, पण इथं आल्यावर तो फुटीकडे, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलकडे वळला आणि वेस्टर्न बुलडॉग्ज या संघाचा झाला. कारण साधं होतं: ते आमच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या वस्त्यांचे. २०१६ मध्ये बुलडॉग्जनी १९५४ नंतर पहिल्यांदा प्रीमियरशिप जिंकली. फूट्सक्रेमध्ये माणसं रस्त्यावर येऊन एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती आणि त्यात हाही होता. सोमवारी त्याच्या कामावर सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं, पाठीवर थापा मारल्या. तू कुठला, असं कुणी विचारलं नाही. बुलडॉग्जसमोर नागपूरचा संघ कधी उभा राहणारच नव्हता. त्या टीममध्ये तो पूर्ण शिरू शकला. मला त्याचा हेवा वाटला आणि अजूनही वाटतो.

लेकीचा निर्णय तर माझ्या डोळ्यांदेखत झाला. ८ मार्च २०२०, महिला टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल, एमसीजी. ८६,१७४ माणसं. महिलांच्या क्रिकेटला एवढी गर्दी लोटेल असं मला वाटलं नव्हतं; भडंगाची पिशवी छातीशी धरून, पोरीचा हात घट्ट पकडून जिना चढताना माझा गळा दाटून आला होता. सांगलीची स्मृती मानधना या मैदानावर, एवढ्या लोकांसमोर फायनल खेळतेय, मला आणखी काय हवं होतं? लेकीला मी निळा टी-शर्ट घातला होता. आणि मग अलिसा हिली आली. ३९ चेंडूंत ७५. चेंडू आमच्या डोक्यावरून प्रेक्षकांत पडत होते. नवऱ्यानं, मिचेल स्टार्कनं, तिचा खेळ बघायला दक्षिण आफ्रिकेचा दौरा अर्धवट सोडला होता. पोरगी खुर्चीवर उभी राहिली. आधी माझ्याकडे बघत होती, टाळ्या वाजवू का, असं विचारल्यासारखं. मग तिनं विचारणं सोडलं. भारत ९९ धावांत संपला, ८५ धावांनी हरला. परतताना जोलिमोंटकडे जाणाऱ्या गर्दीत ती म्हणाली, "मला विकेटकीपर व्हायचंय." आता ती आमच्या क्लबच्या अंडर-१३ संघात यष्टिरक्षण करते. पाय हलवायला शिकतेय.

आठवडाभरात सगळं बंद झालं. मग ते भयाण वर्ष. मेलबर्नमध्ये ११२ दिवसांचा लॉकडाऊन आणि देशाच्या सीमा बंद. नागरिकांनासुद्धा बाहेर जायला परवानगी लागत होती. त्या वर्षी माझी आजी गेली. आप्पांनी कृष्णेच्या घाटावरून व्हिडिओ कॉल लावला, हात थरथरत होता, त्यामुळे मला बराच वेळ नुसतं पाणीच दिसत राहिलं. नोव्हेंबरमध्ये बातमी वाचली की मोहम्मद सिराजचे वडील हैदराबादला गेले, आणि तो ऑस्ट्रेलियात क्वारंटाइनमध्ये असून परत न जाता संघाबरोबर राहिला. त्यांनी रिक्षा चालवून त्याला क्रिकेटपटू केलं होतं. त्या बॉक्सिंग डे कसोटीला दिवसाला फक्त तीस हजार लोकांना प्रवेश होता. दुसऱ्या दिवसाचं तिकीट मला मिळालं. आदल्याच दिवशी सिराज त्या मैदानावर पहिल्यांदा भारताकडून कसोटी खेळायला उतरला होता. त्या दिवशी आपली फलंदाजी होती; सीमारेषेबाहेर संघाबरोबर बसलेल्या त्याच्याकडे मी कितीतरी वेळ बघत होते. त्याच्याजवळ काहीतरी पोचवावं असं फार वाटत होतं. काय पोचवायचं ते मला सांगता आलं नसतं. पुढच्या कसोटीत, सिडनीला, प्रेक्षकांतल्या काही जणांनी त्यालाच शिव्या दिल्या; खेळ थांबवायला लागला, काही जणांना बाहेर काढलं. ते टीव्हीवर बघताना दोन्हीकडून मलाच लागलं. एकदा त्याच्यासारखी दिसणारी म्हणून, आणि एकदा ज्या प्रेक्षकांत मी बसते त्या प्रेक्षकांतली म्हणून.

पण त्या दुसऱ्या दिवशी रहाणे खेळत होता. ॲडलेडला ३६ मध्ये गारद झालेला संघ, कोहली घरी परतलेला, ढगाळ हवा, मधूनच पाऊस. रहाणे चेंडू अंगाजवळ येऊ देत होता आणि हलक्या हातानं खाली ठेवत होता. शतक झालं तेव्हा त्यानं हेल्मेट काढून बॅट उचलली, बस्स. भारतानं कसोटी जिंकली आणि त्याला सामनावीर म्हणून नवं मुल्लाघ पदक मिळालं, अगदी पहिलं. जॉनी मुल्लाघ हा व्हिक्टोरियाच्या पश्चिमेकडचा आदिवासी खेळाडू, १८६८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा जो पहिला क्रिकेट संघ इंग्लंडला गेला त्यातला. त्या दौऱ्यात त्यानं १,६९८ धावा केल्या आणि २४५ बळी घेतले. त्याच्या आधी, १८६६ च्या बॉक्सिंग डेला, तो याच मैदानावर खेळला होता. ज्यांची ही जमीन, त्यांच्या माणसाचं पदक मुंबईच्या मुलाच्या गळ्यात. मी २६ जानेवारीला शपथ घेतली तेव्हा मनात जे अवघडलेपण राहून गेलं होतं, ते त्या बातमीनं थोडं हललं. मालिका जिंकून रहाणे मुंबईत परतला तेव्हा शेजाऱ्यांनी त्याच्यापुढे केक ठेवला, वर कांगारू. त्यानं तो कापायला नकार दिला. तो त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे, समोरच्याला हरवलं तरी मान द्यायचा असतो, असं त्याचं म्हणणं. आप्पांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "वाढवलाय बघ पोराला." मला त्याहून जास्त काही वाटलं. त्या केकवरचा कांगारू माझ्या पासपोर्टवरही आहे. हे दोन्ही एका मनात मावू शकतं, हे मुंबईत राहणाऱ्या माणसाला कळलं होतं.

एमसीजीवरच्या भारत-पाकिस्तान मॅचबद्दल, २३ ऑक्टोबर २०२२ च्या, टी-ट्वेंटी विश्वचषकातल्या, सगळं लिहून झालंय, सगळ्यांना तोंडपाठ आहे. मला त्यातली एकच गोष्ट सांगायचीय. आमच्या पुढच्या रांगेत लाहोरचं कुटुंब होतं, राहायला आमच्याहून दोन स्टेशनं पलीकडे. वाणसामानाचं दुकानसुद्धा आमचं एकच निघालं. माझं भडंग त्यांच्याकडे, त्यांचे कबाब आमच्याकडे. त्यांच्यातल्या काकू आत्मविश्वासानं सांगत होत्या की हारिस रौफ तर इथलाच, मेलबर्न स्टार्सकडून याच मैदानावर खेळतो, त्याला इथला इंच न् इंच माहीत आहे. आणि मग एकोणिसाव्या षटकात कोहलीनं त्याच रौफला मागच्या पायावरून सरळ डोक्यावरून भिरकावला. मी उड्या मारत होते, नव्वद हजार माणसं उड्या मारत होती. मॅच संपल्यावर त्या काकू सावकाश उठल्या, डबे पिशवीत भरले. मला काहीतरी बोलायचं होतं. वाईट झालं, असं काही. मी बोलले नाही. नुसता त्यांचा हात हातात घेतला. त्यांनीही तो दाबला आणि गेल्या. ऑफिसातल्या त्या सोमवारनंतर मला त्या काकू वारंवार आठवल्या. दोघींनाही माहीत होतं की आजची रात्र कुठल्या गॅरेजात कशी जाणार आहे.

आणि मग ३० ऑक्टोबर २०२५. महिला विश्वचषकाची सेमीफायनल, नवी मुंबईत, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. लेक आता बारा वर्षांची. फीबी लिचफिल्डचं शतक बघून, ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा बघून ती निवांत झोपायला गेली. एवढ्या धावा महिलांच्या वनडेत कुणी पार केल्याच नव्हत्या. मी बसून राहिले. स्मृती लवकर बाद झाली. मग जेमिमा आणि हरमनप्रीत. ८२ वर जेमिमाचा झेल उडाला, अलाना किंगच्या चेंडूवर. अलाना आमच्या मेलबर्नचीच, आईवडील चेन्नईहून आलेले. चेंडू हिलीच्या ग्लोव्हजमध्ये गेला आणि सुटला. पहाटे चारनंतर अमनजोतनं चौकार मारला आणि जेमिमा तिथंच रडायला लागली. मीही. तोंडावर उशी दाबून, पलीकडच्या खोलीत माणसं झोपलेली म्हणून.

सात वाजता लेक उठून स्वयंपाकघरात आली. माझ्या चेहऱ्याकडे बघूनच तिला कळलं. तिनं दुधाचा पेला हातात घेतला आणि खाली बसली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हटलं, "वाईट झालं गं." तिनं मान वर केली. "तू का म्हणतेस असं? तुमची टीम जिंकली ना." राग नव्हता, तिला खरंच समजत नव्हतं. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, माझ्या पोरीसमोर मी त्या सहकाऱ्याच्या जागी उभी होते. त्या बाईनं कॉफी आणताना मला बाहेरची धरलं होतं का? मला नाही वाटत. तिला माझं दुःख दिसलं होतं, एवढंच. माझ्या पोरीचं मला दिसलं होतं तसं. जो सल मी दोन वर्षं उगाळत होते तो तेवढ्यानं गेला असं नाही. अजूनही कधीतरी कुणीतरी म्हणावं असं वाटतं की बघ, आपण जिंकलो. पण त्या सकाळी मी दोन पोळ्या शेकल्या, तूप-साखर लावून गुंडाळल्या आणि पोरीशेजारी बसले. ती शाळेत जाईपर्यंत मॅचचं नाव काढलं नाही.

रविवारी फायनल, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. पावसानं उशीर झाला, आमच्याकडे सुरू व्हायलाच रात्रीचे साडेदहा वाजले. मंगळवारी मेलबर्न कपची सुट्टी, मधल्या सोमवारी पुष्कळ जण रजा टाकतात, म्हणून मी लेकीला जागू दिलं. तिची टीम बाहेर पडली होती. तिला भारतासाठी ओरडायला आता काहीच अडचण नव्हती, आणि ती माझ्याहून मोठ्यांदा ओरडली. ८७ केल्यावर शफाली विकेटही काढायला लागली तेव्हा लेकीनं माझा दंड इतका आवळला की नखं उमटली. त्यांची कर्णधार वोल्वार्ट शतक करून उभी होती. तिचा झेल अमनजोतच्या हातातून एकदा उडाला, पुन्हा उडाला आणि शेवटी विसावला, तेव्हा मी डोळे मिटले होते, लेक म्हणाली, "घेतला, आई, घेतला!" साडेपाचच्या सुमाराला हरमनप्रीतनं मागे धावत जाऊन शेवटचा झेल घेतला. आप्पांचा फोन आलाच. पाठीमागे फटाके, सांगलीत कुणी झोपलंच नव्हतं. आईनं मध्येच फोन ओढून घेऊन विचारलं, "पोरगी जागी आहे का? तिला काय वाटलं?" मी फोन लेकीकडे दिला. ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, खूप भारी. पण ऑस्ट्रेलिया फायनलला असती ना, तर तुम्ही हरला असता."

"अगं, सेमीत हरवलं ना तुम्हाला," मी म्हटलं.

"एका कॅचमुळे."

"मग धरायचा होता तो कॅच. चेंडू ग्लोव्हजमध्ये येऊन सुटला."

"बॉल फिरला होता, आई! तू कधी कीपिंग केलंयस?"

आप्पा तिकडून मोठ्यांदा म्हणाले, "बरोबर बोलतेय ती." आणि मग आम्ही चौघं, दोन देशांतून, त्या एका झेलावर सकाळपर्यंत भांडत बसलो.